सुयांचा खर्च छापताना उपचारांचं बिलही शेजारी छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

"आमच्या टॅक्सच्या पैशातून नशा करणाऱ्यांना फुकट सुया कशाला?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता राग येत नाही, पण उत्तर द्यावंसं मात्र खूप वाटतं. मी डॉक्टर नाही, समाजसेवकही नाही. नोकरीची सगळी वर्षं सार्वजनिक आरोग्याच्या हिशेब विभागात गेली, बिलं तपासायची, व्हाउचर लावायची, वर्षाअखेरीला कुठल्या हेडखाली, म्हणजे खर्चाच्या सदराखाली, किती पैसे उरले ते बघायचं. आणि मला वाटतं हा प्रश्न मुळात हिशेबाचाच आहे. विचारणारा माणूस वाईट नसतो, कष्टाने कमावतो, टॅक्स भरतो, आणि त्याचा मुलगा सुदैवाने त्या वाटेला गेला नसेल तर त्याला हे सगळं लांबचं वाटणारच. म्हणून पाप-पुण्य जरा बाजूला ठेवतो आणि पैशाचंच बोलतो.

आधी हे काम नेमकं काय असतं ते सांगतो, कारण बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर फक्त सुयांचं खोकं असतं. इंजेक्शनने नशा करणाऱ्यांपर्यंत निर्जंतुक सुई-सिरिंज पोचवायची, वापरलेल्या परत गोळा करून नीट नष्ट करायच्या, एकमेकांची सुई वापरल्याने रक्तावाटे पसरणाऱ्या एचआयव्ही आणि हिपॅटायटिसची (यकृताच्या आजाराची) टेस्ट करायची, जखमा झाल्या असतील तर ड्रेसिंग, हिपॅटायटिस बी ची लस, जमेल तिथे ओव्हरडोस झाल्यास जीव वाचवणारं नालोक्सोन हे औषध, आणि ज्यांना हवं त्यांना मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिन या हेरॉइनसारख्या नशेऐवजी देखरेखीखाली द्यायच्या औषधांवर घ्यायचं, ज्याला ओएसटी म्हणतात. हे सगळं मिळून हार्म रिडक्शन, म्हणजे नशेमुळे होणारं नुकसान कमी करणं. यात सिरिंज ही सगळ्यात स्वस्त वस्तू आहे. खरा खर्च माणसांचा. रोज पायी फिरणारे आउटरीच वर्कर, एक नर्स, एक जागा, टेस्ट किट, शार्प्सचे म्हणजे वापरलेल्या सुयांचे डबे आणि ते नष्ट करण्याचं बिल. म्हणून कोणी "सुयांवर इतका खर्च" असं म्हणतं तेव्हा त्यातला बराचसा पैसा पगाराचा असतो आणि त्या पगाराच्या माणसाकडून सुईशिवाय आणखी दहा कामं होत असतात, हे हिशेब वाचणाऱ्याला कळत नाही कारण हेडचं नावच तसं दिलेलं असतं.

किती लागतात सुया? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साठी माणशी वर्षाला २०० आणि २०३० साठी ३०० असं लक्ष्य ठेवलं होतं. म्हणजे एखाद्या ठिकाणी ५०० माणसं इंजेक्शन घेत असतील तर एक लाख ते दीड लाख सिरिंज. आकडा ऐकून मीटिंगमधले लोक दचकतात, मी पाहिलंय. पण दिवसाला तीन-चार वेळा टोचणाऱ्या माणसाला वर्षाला २०० म्हणजे जेमतेम दोन महिने पुरतात हे कोणी करून बघत नाही.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत एका एचआयव्ही रुग्णाच्या आयुष्यभराच्या उपचाराचा खर्च त्यांच्या रोगनियंत्रण संस्थेने म्हणजे सीडीसीने २०१० च्या भावाने जवळजवळ ३ लाख ८० हजार डॉलर धरला होता. इतर देशांत औषधं बरीच स्वस्त आहेत, आकडा खाली येतो, पण गोळी रोज आणि जन्मभर घ्यायची हे कुठेही बदलत नाही. हिपॅटायटिस सी आता ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त लोकांत बरा होतो ही फार मोठी गोष्ट आहे, मात्र त्यातलंच एक औषध २०१३ च्या अखेरीला अमेरिकेत आलं तेव्हा एका गोळीला १००० डॉलर आणि पूर्ण कोर्सला ८४ हजार डॉलर पडत होते. आणि बरा झालेला माणूस पुन्हा तसल्याच सुईने टोचून घेईल तर त्याला पुन्हा होऊ शकतो, एकदा होऊन गेला की परत होत नाही असलं काही नाही यात. प्रयोगशाळेत असं दिसलंय की हा विषाणू सिरिंजच्या आत ६३ दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो. दोन महिने! म्हणजे कोणीतरी दिवाणाखाली ठेवून दिलेली सिरिंज दोन महिन्यांनी दुसऱ्याला आजार देऊ शकते.

आणि हृदयाच्या झडपेचं इन्फेक्शन तर या चर्चेत कधी येतच नाही. अस्वच्छ टोचण्यातून जंतू रक्तात जातात, झडपेवर बसतात, मग चार ते सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक, कित्येकदा झडप बदलायचं ऑपरेशन. ते बिल कार्डिओलॉजीच्या हेडला जातं. त्या बिलावर कुठेही लिहिलेलं नसतं की हे एका स्वच्छ सुईअभावी झालं.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या स्कॉट काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) उदाहरण मी नेहमी देतो कारण तिथे ही दोन्ही बिलं एकाच ठिकाणी, एकाच वर्षात समोर आली. ऑस्टिन नावाचं गाव, वस्ती साधारण ४२००. एचआयव्हीच्या केसेस आधी वर्षाला पाचसुद्धा सापडत नसत. एक तीव्र वेदनाशामक गोळी लोक विरघळवून टोचत होते, दिवसातून चार ते पंधरा वेळा, एकाच घरातली आई, मुलगी, शेजारी मिळून एकच सिरिंज. राज्याच्या कायद्याने सुई वाटप बंद होतं. तिथलं टेस्टिंग करणारं क्लिनिक पैसे कमी पडल्यामुळे २०१३ मध्ये बंद झालेलं. २०१५ च्या सुरुवातीला केसेस सापडायला लागल्या आणि बघता बघता दोनशेच्या वर गेल्या, पुढे २१५ मोजल्या गेल्या, त्यातल्या दहापैकी नऊ जणांना हिपॅटायटिस सी सुद्धा होता. मार्चअखेर गव्हर्नर माइक पेन्स यांनी, जे स्वतः अशा वाटपाच्या विरोधात होते, आरोग्य आणीबाणी जाहीर करून तात्पुरती परवानगी दिली. साथ आटोक्यात आली. पण साधा गुणाकार करा, २१५ गुणिले ३ लाख ८० हजार, ८ कोटी १७ लाख डॉलर होतात. चार हजार वस्तीच्या गावात! तेवढ्या पैशात तिथे सुई वाटपाचं केंद्र किती पिढ्या चाललं असतं. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मॉडेल करून दाखवलं की २०११ मध्येच हालचाल झाली असती तर लागण दहाच्या आसपास थांबली असती. तेव्हा गावात हिपॅटायटिस सी वाढतोय हे दिसत होतं, ती धोक्याची घंटाच होती, फक्त तिकडे बघायला पगारी माणूस नव्हता.

यापुढची गोष्ट सांगताना मला अजूनही त्रास होतो. जून २०२१ मध्ये त्याच काउंटीच्या कमिशनरांनी दोन विरुद्ध एक मतांनी ते केंद्र बंद करायचं ठरवलं. साथ संपली होती ना. नवीन केसेस जवळजवळ थांबल्या होत्या, म्हणजे गरज नाही असं वाटलं असणार. छत्रीमुळे भिजलो नाही तर छत्रीच विकून टाकावी, तसं झालं हे.

आणि इथे मला जे मुख्य सांगायचंय ते येतं. या कामाचा खर्च एकाच्या खिशातून जातो आणि फायदा दुसऱ्याच्या खिशात पडतो. केंद्र चालवते स्थानिक संस्था, जागा तिची, शेजाऱ्यांच्या तक्रारी तिच्याकडे, नगरसेवकाला जाब विचारतात तो तिथेच. आणि जी लागण टळली तिचा पैसा वाचतो तो वरच्या सरकारचा, विमा योजनेचा, मोठ्या हॉस्पिटलचा, तोही आज नाही, पाच-दहा-पंधरा वर्षांनी. आजच्या बजेटमध्ये दिसतो फक्त खर्च. न झालेल्या आजाराचं व्हाउचर कुठलाच कारकून लावू शकत नाही, मीही कधी लावू शकलो नाही. त्यामुळे काटकसरीचं वर्ष आलं की पहिली कात्री इथे लागते, आणि ती लावणारा माणूस त्याच्या कागदावर अगदी बरोबर असतो. कागदच अर्धा असतो.

उलटंही होतं. वॉशिंग्टन डीसी शहराला १९९८ पासून स्वतःच्या स्थानिक टॅक्सचा पैसासुद्धा सुई वाटपावर खर्च करायला अमेरिकन काँग्रेसने म्हणजे तिथल्या संसदेने बंदी केली होती. शहराचा पैसा, शहरातले रुग्ण, आणि नाही म्हणणारे बाहेरचे. २००७ मध्ये बंदी उठली. पुढच्या दोन वर्षांत साधारण १२० लागणी टळल्या आणि उपचारांचे ४ कोटी ४० लाख डॉलर वाचले असा अंदाज अभ्यासकांनी नंतर काढला. त्याआधीच्या नऊ वर्षांचा हिशेब कोणी कोणाकडे मागायचा?

एक माझ्या अनुभवातलं सांगतो, नावं नको. एका केंद्राचं अनुदान वर्षाच्या मध्यात अडकलं. तीन महिने पैसा आलाच नाही, सिरिंजचा स्टॉक संपला, दोन वर्कर पगाराअभावी सोडून गेले. साहजिकच त्या वर्षीचा वाटपाचा आकडा कमी आला. पुढच्या वर्षी फाइलवर शेरा पडला, "मागणी घटली आहे, तरतूद कमी करावी." तो कागद माझ्या टेबलावरून गेला. मी आकडे तपासले, आकडे बरोबर होते, सही केली. मागणी घटलेली नव्हती, पुरवठा बंद होता, आणि हे एका ओळीत लिहिणं माझ्या हातात होतं तरी मी लिहिलं नाही. आज लिहितोय.

अर्धवट चालवलेला कार्यक्रम सगळ्यात महाग पडतो, हे लोकांना पटवणं फार अवघड आहे कारण ऐकायला उलटं वाटतं. विरोध करणारे व्हँकुव्हरचं उदाहरण देतात आणि ते खोटं नाही. कॅनडातल्या या शहरात ऐंशीच्या दशकाच्या अखेरपासून सुया मिळत होत्या, तरी १९९७ च्या सुमाराला तिथे एचआयव्हीची भयंकर साथ आली. मग उपयोग काय झाला, असा प्रश्न रास्तच आहे. पण त्या काळात तिथे कोकेन टोचण्याचं प्रमाण वाढलं होतं, आणि कोकेनवाला दिवसात वीस-वीस वेळा टोचतो, हेरॉइनवाल्यासारखं तीन-चार वेळा नाही. सुया मात्र मोजून मिळत, जुनी दिली तरच नवी, ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या जागी. रात्री संपली की शेजाऱ्याची. पुढे २००० नंतर तो कोटा काढून टाकला, वाटप जास्त ठिकाणी पसरवलं, आणि दुसऱ्याची सुई वापरण्याचं प्रमाण आणि नव्या लागणी दोन्ही खाली आले. एकास एक हा नियम हिशेबाच्या माणसाला फार आवडतो, मलाही आवडायचा, जमाखर्च जुळतो. आजाराला आपल्या जमाखर्चाशी काही घेणं नाही.

सुई लवकर बदलण्याने नेमकं काय होतं हे अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात फार सुंदर रीतीने दाखवलं गेलं. १९९० मध्ये केंद्र सुरू झालं तेव्हा प्रत्येक सिरिंजवर नंबर टाकला. परत आली की तपासायची, किती दिवस बाहेर होती आणि आत विषाणूच्या खुणा आहेत का. सुरुवातीला सुमारे दोन तृतीयांश सिरिंजमध्ये खुणा सापडत होत्या, काही महिन्यांत ते प्रमाण ५० टक्क्यांच्याही खाली आलं. माणसं तीच, नशा तीच. सुई बाहेर फिरण्याचे दिवस कमी झाले एवढंच. त्यावरून नवीन लागण एक तृतीयांशाने कमी झाली असावी असा अंदाज निघाला. मला यातलं गणित फार आवडतं, कारण यात कोणाला सुधारावं लागत नाही, उपदेश नाही, फक्त वस्तू किती दिवस हातोहात फिरते ते बदलायचं.

ऑस्ट्रेलियाने मात्र हिशेब पूर्ण मांडला, आणि तोही सरकारी. २००० ते २००९ या दहा वर्षांत सुई वाटपावर २४ कोटी ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च झाले. त्यामुळे एचआयव्हीच्या सुमारे ३२ हजार आणि हिपॅटायटिस सी च्या सुमारे ९७ हजार लागणी टळल्या असा अंदाज त्यांच्या अहवालात आहे आणि उपचारांचे १२८ कोटी डॉलर वाचले. एका डॉलरमागे चाराहून जास्त परत. हे आकडे मॉडेलचे आहेत, प्रत्यक्ष मोजलेले नाहीत, हे मान्य करायला हवं, कारण न झालेली लागण मोजता येत नाही. पण धरणाचा, रस्त्याचा फायदाही आपण असाच अंदाजाने मांडतो आणि तेव्हा कोणी व्हाउचर मागत नाही.

याच्या अगदी उलट ग्रीस. आर्थिक संकटाच्या काळात, जेव्हा सगळीकडे कपात चालू होती आणि सुया फार थोड्यांपर्यंत पोचत होत्या, तेव्हा २०११ मध्ये अथेन्समध्ये इंजेक्शन घेणाऱ्यांत एचआयव्ही अचानक उसळला, वर्षाला दहा-पंधराच्या आसपास असणाऱ्या केसेस शेकड्यांत गेल्या. पैसा नसलेल्या देशावर जन्मभराच्या औषधांचं ओझं पडलं.

"यामुळे नशा वाढते" हे म्हणणं मी मनापासून तपासून पाहिलं, कारण ते खरं असतं तर माझा सगळा हिशेब कोसळला असता. इतक्या वर्षांच्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. उलट सिएटलमध्ये असं आढळलं की केंद्रात नव्याने येणारे लोक न येणाऱ्यांपेक्षा पाचपट जास्त प्रमाणात व्यसनमुक्तीच्या उपचारात दाखल झाले. समजण्यासारखं आहे, ज्या माणसाशी कोणी आठवड्यातून दोनदा नीट बोलतं, तो कधीतरी म्हणतोच की मला सोडायचंय, कुठे जाऊ. आणि रस्त्यावर पडलेल्या सुयांचं म्हणाल तर मायामीत वाटप केंद्र नव्हतं आणि सॅन फ्रान्सिस्कोत होतं, तेव्हा दोन्हीकडचे रस्ते चालून सुया मोजल्या गेल्या, मायामीत आठपट निघाल्या. सफाई कामगाराच्या हाताला सुई टोचली तर २८ दिवसांची औषधं, पुन्हा पुन्हा टेस्ट, त्याच्या घरातली ती महिन्याची झोप उडालेली. तो खर्चही लोकांचाच.

एकट्या सुयांवर थांबू नये हेही सांगतो. ओएसटीने हिपॅटायटिस सी ची लागण निम्म्याने कमी होते, आणि पुरेशा सुया प्लस ओएसटी दोन्ही मिळालं तर सुमारे ७४ टक्के, असा २०१७ च्या एका मोठ्या आढाव्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे दोन कामं एका छताखाली चालवली तर जागा एक, नर्स एक, आणि फायदा जास्त. असं असूनही कित्येक ठिकाणी ही दोन कामं दोन वेगळ्या खात्यांकडे, दोन वेगळ्या इमारतींत असतात, आणि माणूस मधल्या रस्त्यात हरवतो.

आता मागणं. स्थानिक संस्थेवर सगळा भार टाकू नका, ज्याच्या उपचारांचा पैसा वाचतो त्याने वाटा उचलावा, उपचारांच्या बजेटमधलाच ठराविक हिस्सा इकडे वळवावा. अनुदान एका वर्षाचं नको, निदान तीन वर्षांचं हवं, म्हणजे मार्च आला की वर्करला दुसरी नोकरी शोधावी लागणार नाही. आणि कामाचं मोजमाप "किती सुया वाटल्या" यावर करू नका, तर जेवढी माणसं इंजेक्शन घेतात त्यांच्यातल्या किती जणांपर्यंत पोचलात, माणशी किती पडल्या, आणि वर्षात नवीन लागण किती झाली यावर करा. आकडा घसरला तर आधी विचारा, स्टॉक होता का.

आपल्याकडे, संपादक महोदय, एक विनंती आहे. बजेटच्या दिवसांत "नशेबाजांच्या सुयांवर एवढा खर्च" अशी बातमी आली तर जरूर छापा, लोकांना कळायलाच हवं. फक्त तिच्या शेजारी त्याच वर्षीचा एचआयव्ही आणि हिपॅटायटिसच्या औषधांचा आकडा छापा, त्याच टायपात, तेवढ्याच आकाराचा. तो आकडा मिळवायला वेळ लागतो, वेगवेगळ्या हेडखाली विखुरलेला असतो, आपल्या वार्ताहराला कुठल्या ओळीत शोधायचं ते मी बसून दाखवायला तयार आहे.

आपला,
सार्वजनिक आरोग्याच्या हिशेब विभागातला एक निवृत्त कर्मचारी